सरोवरांतील आणि समुद्रांतील ‘राक्षस’: जीवशास्त्राच्या कसोटीवर कोणते खुलासे टिकतात?

प्रश्न : मुळाकाठ

नमस्कार. मी कोथरूडमधील एका शाळेत आठवी-नववीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. आमच्या विज्ञान मंडळाच्या पुढील बैठकीसाठी मुलांनी स्कॉटलंडच्या लॉख नेस सरोवरातील ‘नेसी’ आणि जुन्या खलाशांनी वर्णिलेले समुद्री सर्प हा विषय निवडला आहे. ‘हे सगळे थोतांड आहे’ असे एका वाक्यात सांगून मोकळे होणे मला पटत नाही. आपण काही पाहिले असे सांगणाऱ्यांत नौदलाचे अधिकारी, धर्मोपदेशक, अनुभवी कोळी अशी जबाबदार माणसे होती, आणि त्यांतील बहुतेकांनी काही ना काही पाहिले असणारच.

अडचण अशी की, या विषयावर जे लेखन हाती लागते त्यात ईल (सापासारखा लांबट मासा), स्टर्जन (एक मोठा मासा), सील, महाकाय माकूल, ओरफिश, कुजलेला शार्क, पोहणारे हरीण अशी दहा-बारा प्राण्यांची नावे एका दमात दिलेली असतात. त्यांतील कोणता खुलासा प्रत्यक्ष नमुना तपासून निघाला आहे आणि कोणता घरबसल्या केलेला तर्क आहे, हे कोणी वेगळे करून सांगत नाही. मला नेमके तेच हवे आहे. शिवाय इतके निरनिराळे प्राणी असूनही वर्णन शेवटी ‘लांब मान, लहान डोके, पाठीवर उंचवटे’ याच साच्यात का जाऊन बसते, याला काही कारण आहे का? प्लेसिओसॉर, म्हणजे डायनोसॉरच्या काळातील लांब मानेचे सागरी सरीसृप, वाचून राहिले असतील का, हा प्रश्न मुले विचारणारच. त्याचेही नीट उत्तर मिळाले तर बरे होईल.

उत्तर : कंकाल

तुम्ही केलेली विभागणी योग्य आहे. तिच्या आधारे पाहिले तर सर्वांत भक्कम पुरावा किनाऱ्याला लागलेल्या किंवा जाळ्यात आलेल्या मृत शरीरांचा आहे, कारण तेथे साक्षीदाराच्या स्मरणशक्तीवर विसंबावे लागत नाही.

1977 च्या एप्रिलमध्ये न्यूझीलंडच्या ख्राइस्टचर्च शहराजवळच्या समुद्रात झुइयो मारू या जपानी मासेमारी जहाजाच्या जाळ्यात सुमारे 10 मीटर लांबीचे आणि 1800 किलो वजनाचे एक कुजके धड आले. लांब मान, लहान डोके आणि वल्ह्यांसारखे चार अवयव पाहून ते प्लेसिओसॉरचे असावे, अशी चर्चा जगभर झाली. पकडलेली मासळी नासेल या भीतीने ते धड पुन्हा समुद्रात टाकून देण्यात आले. मात्र त्याआधी जहाजावरील एका जाणकाराने छायाचित्रे काढली, मापे टिपली आणि परांतील काही शिंगासारखे टणक तंतू कापून जवळ ठेवले. निकाल लागला तो या तंतूंमुळे. त्यांतील अमिनो आम्लांचे प्रमाण तपासल्यावर ते शार्कच्या परांना आधार देणाऱ्या इलॅस्टॉइडिन या प्रथिनाशी जुळले, आणि तुलनेसाठी घेतलेल्या बास्किंग शार्कच्या नमुन्याशी त्याचे साम्य स्पष्ट दिसले.

आता हा शार्क कुजल्यावर प्लेसिओसॉरसारखा का दिसतो, हे मुलांना फळ्यावर आकृती काढून दाखवण्यासारखे आहे. बास्किंग शार्क हा जगातील दुसऱ्या क्रमांकाचा मोठा मासा असून त्याचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. त्याचे प्रचंड जबडे आणि कल्ल्यांच्या कमानी कवटीला सैलसर जोडलेल्या असतात, त्यामुळे कुजताना त्या आधी गळून पडतात आणि मागे उरते ती लहानशी मेंदूची पेटी व तिला जोडलेला कण्याचा लांब दांडा, म्हणजेच पाहणाऱ्याच्या दृष्टीने ‘डोके आणि मान’. शेपटीच्या दोन पाळ्यांपैकी फक्त वरच्या पाळीत कणा शिरलेला असल्याने खालची पाळी झडते आणि शेपूट दोरासारखे होते. छातीचे व पोटाचे पर टिकून राहतात. ते झाले चार पाय. परांचे आणि स्नायूंचे तंतू उसवले की ‘आयाळ’ही मिळते.

1808 मध्ये ऑर्कनी द्वीपसमूहातील स्ट्रॉन्से बेटावर जे धड लागले त्याला तर सहा पाय असल्याचे साक्षीदारांनी सांगितले होते. नर शार्कच्या पोटाच्या परांना जोडून समागमासाठी दोन दांडे असतात, हे लक्षात घेतले की सहाचा हिशेब बरोबर लागतो. एडिंबरोच्या निसर्ग-अभ्यासकांनी त्या धडाला नवी प्रजाती मानून नावही दिले होते, परंतु लंडनमध्ये एव्हरार्ड होम यांनी मणके तपासून ते बास्किंग शार्कचे ठरवले. एक गाठ मात्र सुटलेली नाही. साक्षीदारांनी लांबी 55 फूट सांगितली, आणि बास्किंग शार्कची विश्वसनीय कमाल लांबी सुमारे 12 मीटर, म्हणजे 40 फुटांच्या आसपास आहे. मला मणक्यांची साक्ष मोजपट्टीच्या साक्षीपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते, पण ही तफावत मुलांपासून लपवू नये.

किनाऱ्यावर सापडणारे बिनहाडाचे, आकारहीन गोळे हा दुसरा प्रकार. 1896 मध्ये फ्लोरिडातील सेंट ऑगस्टीन येथे लागलेला गोळा अनेक दशके ‘महाकाय ऑक्टोपस’ म्हणून मिरवला. 2003 मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर तसाच गोळा सापडला, तेव्हा डीएनए तपासणीत तो स्पर्म व्हेलचा निघाला, आणि सेंट ऑगस्टीनचा जतन केलेला तुकडाही व्हेलच्या कातडीखालच्या कोलॅजेनचा असल्याचे सिद्ध झाले.

उत्तर : खाडीकिनारा

कंकाल यांनी मृत प्राण्यांविषयी लिहिले आहे. मी जिवंत दिसलेल्यांविषयी लिहितो. येथे पुरावा उतरत जातो, हे आधीच सांगतो.

सर्वांत गाजलेली नोंद ब्रिटिश नौदलाच्या डीडेलस या जहाजाची. 6 ऑगस्ट 1848 रोजी केप ऑफ गुड होप आणि सेंट हेलेना यांच्या दरम्यान कप्तान पीटर मॅक्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याबाहेर काही फूट डोके काढून सरळ रेषेत जाणारा एक लांबलचक प्राणी बऱ्याच वेळ पाहिला. रिचर्ड ओवेन यांच्यासारख्या मातब्बर शरीररचनातज्ज्ञाने तो हत्ती-सील असावा असे म्हटले, आणि कप्तानाने ते जाहीरपणे अमान्य केले. 2015 मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ गॅरी गॅलब्रेथ यांनी वेगळा खुलासा मांडला. सेई व्हेल पृष्ठभागालगत तोंड उघडून भक्ष्य गाळून खात पुढे सरकत असतो तेव्हा त्याचा चपटा, लांबट वरचा जबडा पाण्याबाहेर असतो आणि आतील चाळणीचा फिकट भाग गळ्यासारखा दिसतो. अधिकाऱ्यांनी काढलेली रेखाटने, सांगितलेला रंग आणि शरीराची वळवळ न होता झालेली गती या तिन्ही गोष्टी या खुलाशात बसतात, म्हणून तो मला ओवेन यांच्या मतापेक्षा सरस वाटतो. तरीही तो तर्कच आहे, कारण त्या प्राण्याचा कोणताही अंश हाती नाही.

ग्रीनलंडमधील धर्मोपदेशक हान्स एगेडे यांच्या 1734 च्या नोंदीबद्दल 2005 मध्ये काही संशोधकांनी असे सुचवले की, त्यांना दिसलेली सर्पाकार शेपटी प्रत्यक्षात नर व्हेलचे जननेंद्रिय असावे. हा खुलासा आठवीच्या वर्गात सांगायचा की नाही, ते बाईंनीच ठरवावे.

ओरफिशचा उल्लेख तुम्ही केला आहेच. खोल पाण्यात राहणारा, रुपेरी पट्टीसारखा आणि डोक्यावर लाल तुरा असलेला हा मासा 8 मीटरपर्यंत वाढल्याच्या विश्वसनीय नोंदी आहेत. पृष्ठभागावर तो येतो तो बहुधा आजारी किंवा मरणासन्न अवस्थेत. त्यामुळे किनाऱ्यावरच्या ‘सर्पां’चा खुलासा त्याच्याने होतो, परंतु जहाजाच्या वेगाने जाणाऱ्या सर्पाचा होत नाही.

आणि कधी कधी राक्षस खरा निघतो, हेही मुलांना कळले पाहिजे. नॉर्वेच्या खलाशांचा क्राकेन अतिशयोक्त होता, पण त्याच्या मुळाशी महाकाय माकूल होती. डॅनिश प्राणिशास्त्रज्ञ यापेटुस स्टीनस्ट्रुप यांनी 1857 मध्ये तिला शास्त्रीय नाव दिले ते चोचीच्या आधारावर. जिवंत महाकाय माकुलीची समुद्रातील पहिली छायाचित्रे मात्र 2004 मध्ये जपानच्या त्सुनेमी कुबोदेरा यांच्या चमूने मिळवली. जिवंत प्राणी दीडशे वर्षे कॅमेऱ्यात सापडला नाही, तरी त्याच्या चोची स्पर्म व्हेलच्या पोटात सापडत होत्या आणि त्याची मृत शरीरे किनाऱ्याला लागत होती. नेसीच्या बाबतीत असा एकही अवशेष नाही.

उत्तर : थंडपाणी

प्लेसिओसॉरचा प्रश्न जीवाश्मांवरून सोडवण्याआधी सरोवराच्या अन्नसाखळीवरून सोडवावा, असे मी सुचवेन, कारण नववीच्या मुलांना ऊर्जेचा पिरॅमिड अभ्यासाला असतोच.

लॉख नेस सुमारे 37 किलोमीटर लांब आणि 230 मीटर खोल आहे. भोवतालच्या पीट मातीमुळे पाणी चहाच्या काढ्यासारखे काळपट असल्याने प्रकाश फार खोल जात नाही. वनस्पती-प्लवक कमी, म्हणून प्राणी-प्लवक कमी आणि म्हणून मासेही कमी. सरोवरातील एकूण माशांचे वजन सुमारे 20 टन असावे असा अंदाज आहे. भक्षकाच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्सा आला तर दोनेक टनच उरतात, आणि हजारो वर्षे टिकून राहायला एक प्राणी पुरत नाही, निदान काही डझनांची प्रजननक्षम संख्या लागते. काही टन वजनाच्या प्राण्यांचा असा कळप तेथे उपाशी मरेल. शिवाय साधारण 10 हजार वर्षांपूर्वीपर्यंत ते खोरे हिमनदीखाली गाडलेले होते. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी नाहीसे झालेले सागरी सरीसृप तेथे ‘अडकून’ राहणे शक्यच नव्हते. त्यात प्लेसिओसॉर फुप्फुसांनी श्वास घेत असल्याने त्यांना दिवसातून अनेकदा वर यावे लागले असते. त्यांच्या मानेच्या मणक्यांची रचनाही हंसासारखी मान उभी धरण्यायोग्य नव्हती. 1934 चे प्रसिद्ध छायाचित्र नेमकी तशी मान दाखवते, आणि खेळण्यातल्या पाणबुडीवर डोके बसवून ते बनवले होते हे 1994 मध्ये उघड झाले.

आता नमुन्यावर आधारलेली तपासणी. 2018 मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातील नील गेमेल यांच्या चमूने सरोवराच्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आणि खोलींवरून सुमारे 250 पाण्याचे नमुने घेतले. प्रत्येक प्राणी त्वचेच्या पेशी, श्लेष्म, विष्ठा यांद्वारे पाण्यात डीएनए सोडत असतो. तो गाळून वाचला की, प्राणी डोळ्यांनी न पाहताही त्याची हजेरी लागते. 2019 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत सरीसृपाचा डीएनए आढळला नाही. स्टर्जन, वेल्स कॅटफिश आणि ग्रीनलंड शार्क यांचाही नाही. ईलचा डीएनए मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी भरपूर सापडला.

म्हणजे तुम्ही म्हणता तशा याद्यांतील तीन-चार नावे या एका तपासणीने लॉख नेसपुरती तरी खोडता येतात.

उत्तर : पाणकावळा

पाठीवरच्या उंचवट्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडे. मासे आणि साप शरीर डावी-उजवीकडे वळवून पोहतात; वर-खाली लाटेसारखी हालचाल करून पोहणे हे सस्तन प्राण्यांचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळे पाण्यावर एकामागून एक वर येणाऱ्या कमानी कोणी वर्णन करत असेल तर ईल, साप आणि सर्व प्रकारचे सरीसृप लगेच बाद होतात. उरतात ते रांगेने पोहणारी पाणमांजरे, डॉल्फिन, सील, नाहीतर नुसत्या लाटा. सील नेस नदीतून अधूनमधून सरोवरात शिरतात हेही नोंदलेले आहे. एखादी बोट दिसेनाशी झाल्यावर काही मिनिटांनी शांत पाण्यावर तिच्या लाटांची रांग काळ्या उंचवट्यांसारखी उमटते. हा खुलासा जीवशास्त्रीय नसला तरी माझ्या मते संख्येने सर्वाधिक प्रकरणे त्यातच मोडतात.

पुण्याच्या मुलांना हे प्रत्यक्ष दाखवायचे असेल तर उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला घेऊन जा. तेथे तिरंदाज पक्षी सहज दिसतो. पोहताना त्याचे सगळे अंग पाण्याखाली असते आणि फक्त बारीक, वाकडी मान वर राहते. तिचे टोक कोणत्या दिशेला वळेल याचा नेम नसतो. जवळपास होडी किंवा झाड नसेल तर ती मान दोन हातांची आहे की दोन पुरुषांची, हे सांगता येत नाही. मुलांना आधी अंतर आणि लांबी यांचे अंदाज कागदावर लिहायला लावा, मग दुर्बीण द्या. चिलापीची जाळी लावणारे तेथील मच्छीमार असा अंदाज सहसा चुकवत नाहीत, कारण त्यांच्या नजरेला जाळ्याच्या तरंड्यांचे माप सरावाचे असते. फसतो तो शहरातून आलेला माणूस.

तसेच आपण काय पाहतो हे आपण आधी काय ऐकले आहे यावरही ठरते. आपल्याकडे नदीच्या डोहात काही हलले की जुनी माणसे साती आसरांचे नाव घेतात आणि कोकणात गिऱ्ह्याचे. लांब मानेचा सरडा कोणाला दिसत नाही. युरोपातही 1823 मध्ये मेरी ॲनिंग यांना प्लेसिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला, त्याआधीचे समुद्री राक्षस बहुतांशी सर्पच होते. चार्ल्स पॅक्स्टन आणि डॅरेन नेश यांनी 2019 मध्ये जुन्या नोंदींचे सांख्यिकीय विश्लेषण केले, तेव्हा एकोणिसाव्या शतकापासून सर्पाकार वर्णने घटत गेली आणि लांब मानेची वाढत गेली, असे त्यांना आढळले. प्राणी तेच राहिले, साचा बदलला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे आहे, आणि निम्मे कंकाल यांच्या कुजलेल्या शार्कमध्ये.

मुळाकाठ

सर्वांचे आभार. भिगवणची कल्पना मुलांना नक्की आवडेल. थंडपाणी यांच्या उत्तरावरून एक शंका राहते. ईलचा डीएनए सर्वत्र सापडला, तर ‘नेसी म्हणजे महाकाय ईल’ हा निष्कर्ष सिद्ध झाला असे मुलांना सांगावे का? वर्तमानपत्रांतील मथळे तसेच होते. आणि त्या तपासणीत ओळख न पटलेला डीएनएही होता असे वाचले. मुले तेथेच बोट ठेवतील.

उत्तर : शंकेखोर

तसे मुळीच सांगू नये. डीएनएवरून ईल आहेत एवढेच कळते. तो एका मोठ्या ईलचा आहे की हजारो लहान ईलचा, हे कळत नाही, आणि गेमेल यांनी स्वतःच ही मर्यादा स्पष्ट केली होती. युरोपीय ईल सहसा एक मीटरच्या आतबाहेर असतो. सहा मीटरचा ईल गृहीत धरणे म्हणजे एक निराधार प्राणी काढून त्याच्या जागी दुसरा बसवणे होय, फक्त त्याला ओळखीचे नाव दिले की तो शास्त्रीय वाटू लागतो. प्रजननासाठी अटलांटिक महासागरातील सारगासो समुद्राकडे न जाता सरोवरातच वर्षानुवर्षे वाढत राहिलेला ईल, ही कल्पनाही वारंवार मांडली जाते; तसा एकही नमुना कोणाच्या हाती नाही. आपल्या सह्याद्रीतील नद्यांत मिळणारा अहिर याच कुळातला आहे आणि तोही अंडी घालायला समुद्रात जातो. त्याला धरणाच्या भिंती आडव्या येतात, तरी आपल्या जलाशयांतून राक्षसी अहिर निघाल्याचे कोणी दाखवलेले नाही.

या आशेचा इतिहास मुलांना जरूर सांगा. 1930 मध्ये डाना या डॅनिश संशोधन जहाजाला दक्षिण आफ्रिकेजवळ ईलसारखी एक पारदर्शक अळी सापडली, तिची लांबी 1.8 मीटरहून थोडी अधिक होती. नेहमीच्या ईलची अळी जेमतेम काही सेंटीमीटरची असते. तेच प्रमाण लावले तर प्रौढ प्राणी 30 मीटरचा असायला हवा, आणि समुद्री सर्प सापडलाच असे अनेकांना वाटले. 1970 च्या सुमारास डेव्हिड स्मिथ यांनी दाखवून दिले की, अशा अळ्या खऱ्या ईलच्या नसून काटेरी ईल म्हटल्या जाणाऱ्या एका वेगळ्या गटाच्या आहेत, आणि त्या गटात अळीची सारी वाढ आधीच झालेली असते. रूपांतरानंतर प्राणी जवळजवळ वाढत नाही. तर्क सुसंगत होता, गणितही चुकीचे नव्हते, गृहीतक मात्र दुसऱ्याच प्राण्याचे होते.

ओळख न पटलेल्या डीएनएबद्दल एवढेच, की अशा प्रत्येक तपासणीत तो असतोच, कारण संदर्भसंग्रहात जगातील बहुसंख्य सूक्ष्मजीवांचे क्रम अजून नोंदलेलेच नाहीत. तेच पाणी खडकवासल्यातून घेतले तरी बेवारस क्रम निघतील. पृष्ठवंशी प्राण्याचा क्रम असता तर प्रजाती नाही तरी गट कळला असता. अनोळखी सरीसृपही सरीसृप म्हणूनच ओळखू आला असता.

उत्तर : खाडीकिनारा

एक व्यावहारिक भर घालतो, कारण मुले सुट्टीत कोकणात जाणारच. आपल्या किनाऱ्यावर मेलेले देवमासे अधूनमधून लागतात, विशेषतः पावसाळ्यात, आणि आठवडाभर पाण्यात राहिलेले धड पाहून ‘अज्ञात प्राणी’ म्हणून चित्रफिती फिरू लागतात. अशा वेळी मोबाईलवर फक्त डोक्याकडचा भाग टिपून उपयोग नसतो. बाजूला काठी किंवा चप्पल ठेवून, म्हणजे माप कळेल अशा रीतीने, दोन्ही बाजूंनी, शेपटीसह आणि तोंडाच्या आतून छायाचित्रे घ्यावीत. चाळणीसारखे पट्टे दिसले तर प्रश्न तेथेच मिटतो. हात लावू नये आणि तुकडाही कापून आणू नये, कारण देवमासे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि सडलेल्या धडापासून संसर्गाचा धोका असतो. वनविभागाला किंवा कांदळवन कक्षाला कळवले की नमुना त्यांच्याकडून रीतसर घेतला जातो. कळवताना भरतीची वेळ आणि धड नेमके कोठे लागले आहे तेही सांगावे, नाहीतर पुढच्या भरतीला ते निघून जाते.